नवरा न्यू जर्सीत, बायको पुण्यात: २०२५ चं रिटर्न जॉइंट भरावं का?

प्रश्न: मी २०२२ पासून एच-वनवर (नोकरीचा व्हिसा) न्यू जर्सीत आहे. पगार १,२०,००० डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोल्हापूरला लग्न झालं. बायको पुण्यात नोकरीला होती, वर्षाला पावणेतेरा लाख रुपये. राजीनामा देऊन ती १० फेब्रुवारी २०२६ ला एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) इथे आली. ऑफिसातला एक जण म्हणतो, ती गेल्या वर्षी इथे नव्हतीच, तू ‘सिंगल’ म्हणून भर. रूममेट म्हणतो जॉइंट भर, सात-आठ हजार डॉलर वाचतात. तिला सोशल सिक्युरिटी नंबर नाही. काय करावं?

उत्तर:

‘सिंगल’चा विषय आधी संपवू. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं की नव्हतं, एवढंच अमेरिकेचं टॅक्स खातं बघतं. २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात लग्न झालं असतं तरी अख्खं वर्ष तुम्ही विवाहित धरले गेला असता. बायको कोणत्या देशात होती याचा इथे संबंध नाही. त्यामुळे ऑफिसातल्या मित्राचा सल्ला हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे. गेली एकोणीस वर्षं मी एनरोल्ड एजंट (टॅक्स खात्याचा परवाना असलेला सल्लागार) म्हणून इथल्या आपल्या लोकांची रिटर्नं भरतोय आणि दरवर्षी किमान दोन-तीन तरी ‘सिंगल’ भरलेली रिटर्नं दुरुस्तीला येतात. ही चूक दोन-तीन वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, मग पुढे नागरिकत्वाच्या अर्जात लग्नाची तारीख एक आणि रिटर्नवर भलतंच काहीतरी, अशी पंचाईत होते.

म्हणजे तुमच्यापुढे दोनच रस्ते राहिले. विवाहित पण स्वतंत्र, किंवा विवाहित आणि जॉइंट. दुसरा रस्ता मात्र सगळ्यांना आपोआप खुला नसतो, आणि रूममेटने नेमकी तीच गोष्ट सांगितलेली नाही.

टॅक्सच्या भाषेत ‘रेसिडेंट’ आणि व्हिसाच्या भाषेतला दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीन कार्ड नसलेला माणूससुद्धा टॅक्सपुरता रेसिडेंट होतो, दिवस मोजून. चालू वर्षात किमान ३१ दिवस इथे असायला हवं, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश अशी बेरीज १८३ किंवा जास्त व्हायला हवी. एच-वन, एच-फोर, एल-वन (कंपनीच्या बदलीवर आलेले), एल-टू (त्यांचे जोडीदार) या सगळ्यांचे दिवस मोजले जातात. एफ-वन विद्यार्थ्यांचे पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजले जात नाहीत. तुम्ही २०२२ पासून इथे आहात, तुमचा प्रश्नच नाही. तुमच्या पत्नीचे २०२५ मधले दिवस शून्य. म्हणजे २०२५ साठी ती नॉन-रेसिडेंट. आणि मूळ नियम असा आहे की नवरा-बायकोंपैकी एक जण वर्षात कधीही नॉन-रेसिडेंट असेल तर जॉइंट रिटर्न भरता येत नाही.

याला कायद्यात पळवाट नाही, रीतसर दार आहे. अमेरिकेच्या टॅक्स कायद्यातल्या कलम ६०१३ चं पोटकलम ‘जी’. वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जण रेसिडेंट असेल तर दोघं मिळून लेखी निवड करू शकता की दुसऱ्यालाही अख्खं वर्ष रेसिडेंट धरावं. हे निवेदन साधं असतं, एका पानाचं. वर्षअखेरीस एक जण रेसिडेंट होता, दुसरा नव्हता आणि दोघांनाही पूर्ण वर्षासाठी रेसिडेंट मानावं असं आम्ही ठरवलं आहे, हे लिहायचं. दोघांची नावं, पत्ते, नंबर, दोघांच्या सह्या. ते रिटर्नला जोडायचं. हे पान न जोडता भरलेली जॉइंट रिटर्नं मी ढिगाने पाहिली आहेत. सॉफ्टवेअर विचारत नाही, म्हणून लोक जोडत नाहीत.

या एका पानाची किंमत मात्र त्याच वाक्यात आहे: ‘पूर्ण वर्षासाठी रेसिडेंट’. म्हणजे तिचा जानेवारी ते डिसेंबर २०२५ चा पुण्यातला पगार, बँकेतलं व्याज, शेअर विकले असतील तर नफा, घरभाडं, सगळं तुमच्या अमेरिकन रिटर्नमध्ये येणार. आपल्याकडे नवरा-बायको प्रत्येकाचं पॅन वेगळं, प्रत्येकाचं रिटर्न वेगळं. एकत्र रिटर्न ही कल्पनाच भारतात नाही, म्हणून हे लोकांच्या पटकन डोक्यात येत नाही.

आता आकडे मांडू. २०२५ चे दर घेतो. सोयीसाठी एक डॉलर ८५ रुपये धरू, म्हणजे तिचा १२,७५,००० चा पगार झाला १५,००० डॉलर. प्रत्यक्ष भरताना वर्षाचा सरासरी दर घ्यावा लागतो.

तुम्ही स्वतंत्र भरलंत तर १,२०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० जाऊन १,०४,२५० उरतात. त्यावर टॅक्स १७,८६७ डॉलर.

जॉइंट भरलंत आणि तिचं उत्पन्न काहीच नसतं, तर डिडक्शन ३१,५०० मिळालं असतं, ८८,५०० वर टॅक्स १०,१४३. फरक ७,७२४. रूममेटचा ‘सात-आठ हजार’ हा आकडा इथून येतो. त्याच्या बायकोचं भारतात काही उत्पन्न नसेल, त्याचं त्याला बरोबर आहे.

तुमच्याकडे मात्र तिचे १५,००० मिळवायचे. १,३५,००० मधून ३१,५०० गेले, १,०३,५०० उरले, टॅक्स १२,५९८. तरीही ५,२६९ वाचतात. इथे लोक म्हणतात, अहो पण तिने भारतात टॅक्स भरलाय, त्याचं क्रेडिट, म्हणजे इथल्या टॅक्समध्ये तेवढी सूट, मिळेल ना? मिळेल, भरला असेल तर. १ एप्रिल २०२५ पासून भारतात नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही. तिकडे शून्य, तर इकडे क्रेडिट शून्य. जानेवारी ते मार्च २०२५ हा तुकडा मात्र आधीच्या आर्थिक वर्षात, आधीच्या दरांत मोडतो. त्यावर टीडीएस कापला गेला असेल तर तेवढ्याचं मिळेल. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे तिचे दोन फॉर्म १६ हाताशी घ्या आणि महिन्यांच्या पगारपत्रकांवरून कॅलेंडर वर्ष जुळवा.

तिच्यासाठी यापेक्षा चांगलं साधन दुसरं आहे: फॉर्म २५५५, परदेशात कमावलेल्या पगाराची वजावट. लोकांना वाटतं ही फक्त परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांसाठी असते. फॉर्मच्या सूचनांमध्येच लिहिलंय की नॉन-रेसिडेंट असून जोडीदारासोबत रेसिडेंट धरलं जाण्याची निवड केलेल्या व्यक्तीलाही ती मिळू शकते. अट अशी की सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात असायला हवं आणि नोकरीचं ठिकाण परदेशातच हवं. तुमची पत्नी २०२५ चं अख्खं वर्ष पुण्यात होती. मर्यादा २०२५ साठी १,३०,००० डॉलर आहे, तिचे १५,००० आरामात बसतात.

पण इथे एक गंमत आहे. वजावट मिळाली म्हणजे ते १५,००० अदृश्य झाले असं नाही. वगळलेलं उत्पन्न दर ठरवण्यापुरतं परत मोजतात. आधी १,०३,५०० वरचा टॅक्स काढायचा, १२,५९८; त्यातून १५,००० वरचा टॅक्स, म्हणजे १,५००, वजा करायचा. उरले ११,०९८. म्हणजे स्वतंत्र भरण्यापेक्षा ६,७६९ डॉलर कमी. तुमचा खरा आकडा हा आहे. व्याज, भाडं, डिव्हिडंड या वजावटीत बसत नाहीत, फक्त कमाईचा पैसा बसतो. आणि वगळलेल्या पगारावर भारतात जो टॅक्स कापला गेला, त्याचं क्रेडिट मग मागता येत नाही. दोन्हीकडून खायला मिळत नाही.

इतकं ऐकून ‘मग भरू या की जॉइंट’ म्हणायला तुम्ही मोकळे झालात. थांबा. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, असं होऊ देऊ नका. आधी पत्नीला शांतपणे बसवून तिच्या नावावर भारतात काय काय आहे ते विचारा. नवीन लग्न आहे, विचारायला अवघड वाटतं, मला कळतं. पण हा हिशेब त्याशिवाय पुरा होत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असंच एक जोडपं आलं होतं. नवऱ्याचा पगार, बायकोचं भारतात उत्पन्न नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. सह्या करायला ती आली तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाली, त्या वर्षी गावची जमीन विकली, माझ्या वाट्याचे बाबांनी खात्यात टाकले. ग्रामीण भागातली शेतजमीन विकली तर भारतात त्या नफ्यावर टॅक्स नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी ते ‘उत्पन्न’च नव्हतं. अमेरिकेला शेतजमिनीचं काही कौतुक नाही. नफा तो नफा, आणि भारतात टॅक्स भरलेला नसल्यामुळे क्रेडिटही नाही. त्यांच्या बाबतीत स्वतंत्र रिटर्न भरणं कितीतरी स्वस्त पडलं. शेतीचं उत्पन्नही तसंच: भारतात माफ, इथे नाही. पीपीएफचं व्याज, एनआरई ठेवीचं व्याज, हेही तसंच.

तिच्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपीकडे तर खास लक्ष द्या. भारतातल्या म्युच्युअल फंडाला अमेरिकेच्या कायद्यात एक फार कडू नाव आहे, पीफिक. साध्या मराठीत सांगायचं तर परदेशी गुंतवणूक कंपनी, जिच्यातला नफा सरळ भांडवली नफा म्हणून घेत नाहीत. तो मागच्या वर्षांवर पसरवतात, त्या-त्या वर्षाचा सर्वांत वरचा दर लावतात आणि वर व्याज आकारतात. प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१. दिलासा इतकाच की जॉइंट रिटर्नमध्ये सगळ्या फंडांची मिळून किंमत वर्षअखेरीस ५०,००० डॉलरपेक्षा जास्त नसेल, काही विकलं नसेल आणि मोठं वाटप मिळालं नसेल तर तो फॉर्म सहसा भरावा लागत नाही. स्वतंत्र रिटर्नला हीच मर्यादा २५,००० आहे. पुण्यात दहा वर्षं नोकरी केलेल्या मुलीची एसआयपी पंचवीस लाखांच्या घरात जाणं आता नवलाचं नाही. ज्यांची पत्नी किंवा पती अजून भारतातच आहे आणि ज्यांनी ही निवड अजून केलेली नाही, त्यांनी फंड ठेवायचे की इथलं टॅक्स लागू होण्याआधी विकायचे याचा विचार तिकीट काढण्याआधी करावा. तुमच्या पत्नीने २०२५ मध्ये फंड विकले असतील तर तो आकडा घेऊनच जॉइंट-स्वतंत्र ठरवा.

बँक खात्यांचा अहवाल, म्हणजे एफबार, हा रिटर्नचा भाग नाही. तो वेगळा, दुसऱ्या सरकारी खात्याकडे, ऑनलाइन जातो. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून बेरीज वर्षात एका दिवसासाठीही १०,००० डॉलर ओलांडली तर भरायचा. रुपयांत हे साडेआठ-नऊ लाख, म्हणजे एखादी ठेव आणि चालू बचत खातं एवढ्यात होऊन जातं. मुदत १५ एप्रिल, पण १५ ऑक्टोबरपर्यंत आपोआप वाढते.

इथे एक बारकावा आहे जो बरेच सीपीएसुद्धा (इथले सीए) चुकवतात. तुम्ही ‘जी’ची निवड केली म्हणून तुमची पत्नी एफबारसाठी २०२५ ची रेसिडेंट होत नाही. एफबार ही निवड मोजत नाही, तो दिवसच बघतो. त्यामुळे २०२५ साठी तिच्या एकटीच्या खात्यांचा एफबार नाही. २०२६ चे तिचे दिवस भरपूर होतील, तेव्हा पुढच्या वर्षी तिला स्वतःचा भरावा लागेल. याउलट फॉर्म ८९३८, जो रिटर्नसोबत जातो, तो ही निवड मोजतो. जॉइंट रिटर्न भरणाऱ्या, इथे राहणाऱ्या जोडप्यासाठी त्याची मर्यादा वर्षअखेरीस १,००,००० डॉलर किंवा वर्षात कधीही १,५०,०००. तुमची आणि तिची मिळून मालमत्ता तिथवर पोचते का पाहा. पुण्यातला फ्लॅट थेट नावावर असेल तर तो यात येत नाही. लग्नातलं सोनंही नाही. पाटल्या, तोडे, नथ यांचा हिशेब कोणी मागत नाही, आईला सांगून टाका, ती काळजीत असेल.

तुमच्या स्वतःच्या एफबारमध्ये मात्र वडिलांच्या ठेवींकडे बघा. आपल्याकडे बाप ठेव ठेवतो आणि दुसरं नाव मुलाचं घालतो, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. पैसा त्यांचा, व्याज त्यांचं, पण खात्यावर तुमचं नाव आहे म्हणून पूर्ण रक्कम तुमच्या एफबारमध्ये जाते. व्याज तुमच्या उत्पन्नात धरायचं कारण नाही, पैसा तुमचा नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत हा प्रश्न विचारतच नसे. एकदा एका अशिलाच्या वडिलांच्या अकरा ठेवी निघाल्या आणि तीन वर्षांचे अहवाल मागाहून भरावे लागले. तेव्हापासून माझ्या प्रश्नावलीत ‘आई-वडिलांच्या कोणत्या खात्यावर तुमचं नाव आहे?’ हे पहिलं वाक्य असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिट्नर खटल्यात ठरवलं की जाणूनबुजून न केलेल्या चुकीचा दंड प्रत्येक खात्यामागे नाही, प्रत्येक अहवालामागे लागेल. त्याआधी अकरा ठेवी म्हणजे अकरा दंड अशी भीती होती.

आता नंबर. एच-फोरवर सोशल मिळत नाही, म्हणून तिला आयटीआयएन, म्हणजे सोशल न मिळणाऱ्यांचा टॅक्स नंबर, घ्यावा लागेल, फॉर्म डब्ल्यू-७ भरून. नंबर आधी मिळवून मग रिटर्न, असं होत नाही. डब्ल्यू-७ वर ठेवून खाली रिटर्न जोडून कागदावर सगळं एकत्र पाठवायचं, टेक्सासमधल्या ऑस्टिनला. तिच्या नंबरची जागा रिकामी सोडायची. पासपोर्ट मूळचा पोस्टात टाकू नका. टाकणारे टाकतात, आणि मग मे महिन्यात आजी आजारी पडते आणि पासपोर्ट ऑस्टिनला असतो. त्यापेक्षा टॅक्स खात्याने नेमलेल्या सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंटकडे जा, तो पासपोर्ट तपासून तिथल्या तिथे परत देतो. खात्याच्या काही स्थानिक कार्यालयांतही वेळ घेऊन हे होतं. भारतीय वकिलातीकडून पासपोर्टची प्रमाणित प्रत घेणं हाही मार्ग आहे. नोटरीचा शिक्का चालत नाही, त्यावर वेळ आणि पैसे घालवू नका. हंगामात नंबर यायला नऊ ते अकरा आठवडे धरा, आणि कागदी रिटर्न असल्यामुळे परतावा त्यानंतर.

तिला उद्या एच-फोर ईएडी (कामाचा परवाना) मिळालं, म्हणजे तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर वगैरे, तर सोशल मिळेल आणि आयटीआयएन बंद करायला खात्याला कळवावं लागेल. दोन्ही एकाच वेळी वापरायचे नाहीत. एल-टूवर आलेल्यांचं वेगळं आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-टू जोडीदाराला व्हिसाबरोबरच कामाचा हक्क धरला जातो, त्यामुळे ते थेट सोशलसाठी अर्ज करू शकतात आणि त्यांनी आयटीआयएनच्या भानगडीत पडूच नये.

आयटीआयएनवाल्यांना एकदा मोठा फटका बसला होता, तो आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. २०२० च्या मार्चमधल्या करोनाच्या मदतीत जॉइंट रिटर्नवर एकाचाही नंबर आयटीआयएन असेल तर दोघांनाही बाराशे डॉलरमधला एक छदाम मिळाला नाही. डिसेंबरच्या कायद्याने ते मागाहून दुरुस्त केलं. तेव्हा अनेक जण मला म्हणाले, उगाच जॉइंट भरलं. आता मुलांच्या क्रेडिटला, जे २०२५ साठी मुलामागे २,२०० आहे, मुलाचं सोशल लागतं आणि जॉइंट रिटर्नमध्ये दोघांपैकी एकाचं पुरतं.

न्यू जर्सीचं राज्याचं रिटर्न वेगळं बघा. साधारण केंद्राला जो दर्जा तोच राज्याला, पण अख्खं वर्ष एक जण न्यू जर्सीचा रहिवासी आणि दुसरा बाहेरचा असेल तर रहिवासी जोडीदाराला राज्यात स्वतंत्र रिटर्न भरता येतं. तुमच्या बाबतीत तेच करून बघा, म्हणजे तिचा पुण्यातला पगार राज्याच्या हिशेबात येणार नाही. टेक्सास, वॉशिंग्टन इथे राहणाऱ्यांना हा प्रश्न नाही, तिथे पगारावर राज्याचा टॅक्सच नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या जोडप्यांबद्दल थोडं, कारण तुमचं उत्तर वाचून ते मला तेच विचारणार.

जे दोघं २०२५ च्या मध्यातच इथे आले, समजा १० जूनला, त्यांचे २०५ दिवस झाले, म्हणजे वर्षअखेरीस दोघंही रेसिडेंट, पण जानेवारी ते जून नॉन-रेसिडेंट. याला ड्युअल स्टेटस म्हणतात आणि ते फार महाग पडतं: जॉइंट नाही, स्टँडर्ड डिडक्शनही नाही. त्यांच्यासाठी त्याच कलमाचं पोटकलम ‘एच’ आहे. निवेदन जवळपास तसंच, पण ते आयुष्यात एकदाच आणि त्या एकाच वर्षापुरतं.

१ ऑक्टोबरला एच-वन सुरू झालेल्यांचे वर्षात ९२ दिवसच होतात. ते अजिबात रेसिडेंट नाहीत. ‘पहिल्या वर्षाची निवड’ करता येते, पण पुढच्या वर्षी दिवसांची अट पुरी होईपर्यंत थांबावं लागतं. ९२ चा एक तृतीयांश साडेतीसच्या आसपास, म्हणजे पुढच्या वर्षी १५३ दिवस, २ जून उजाडतो. त्यांनी एप्रिलमध्ये फॉर्म ४८६८ भरून मुदत वाढवून घ्यायची आणि जूननंतर रिटर्न भरायचं. मुदतवाढ कागदांना मिळते, पैशांना नाही. देणं असेल तर ते १५ एप्रिललाच.

आणि दोघंही एच-वनवर कमावणारे. त्यांना जॉइंट भरण्याने फारसा फायदा होत नाही, कारण जॉइंटचे स्लॅब जवळपास दुप्पट रुंद असतात आणि दोन सारखे पगार एकत्र केले तरी टॅक्स तेवढाच राहतो. त्यांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं, डब्ल्यू-फोरवर, म्हणजे पगारातून टॅक्स किती कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या फॉर्मवर. लग्न झालं की दोघंही आपापल्या एचआरकडे जाऊन ‘मॅरिड, जॉइंट’ची खूण करून येतात. मग प्रत्येकाची कंपनी समजते की ३१,५०० चं पूर्ण डिडक्शन आणि रुंद स्लॅब याच पगाराला आहेत. दोघांचे पगार १,३०,००० असतील तर वर्षभरात दोघांचे मिळून तेवीस-चोवीस हजार कापले जातात आणि खरा टॅक्स निघतो ४०,५३४. एप्रिलमध्ये जवळपास १७ हजार डॉलर भरायचे. एका जोडप्याने हे ऐकल्यावर माझ्याच कॉफीचा कप हातात धरून पाच मिनिटं एकमेकांकडे पाहिलं, बोललं कोणीच नाही. डब्ल्यू-फोरच्या दुसऱ्या पायरीत ‘दोघंही नोकरी करतात’ची एक चौकट आहे, ती दोघांनीही भरायची. शिवाय २,५०,००० च्या वर ०.९ टक्का मेडिकेअरचा जादा टॅक्स आहे. कंपनी तो एकट्याचा पगार २,००,००० ओलांडल्यावरच कापते, त्यामुळे या जोडप्याला तोही घरून भरावा लागतो. त्यांच्या बाबतीत नव्वद डॉलर, फार नाही.

परत तुमच्याकडे. दोन गोष्टी सही करण्याआधी तुमच्या पत्नीला सांगा, तुम्ही स्वतः सांगा, माझ्यामार्फत नको. पहिली, जॉइंट रिटर्नवर सही केली की त्यातल्या सगळ्या टॅक्सला दोघंही पूर्ण जबाबदार. तुमच्या पगाराच्या किंवा शेअरच्या चुकीसाठी खातं तिच्याकडूनही वसूल करू शकतं, पुढे वेगळे झालात तरी. तिने रिटर्न वाचावं. ‘इथे सही कर’ म्हणून पानाच्या शेवटी बोट ठेवू नका. दुसरी, ‘जी’ची निवड एका वर्षाची नाही, ती पुढच्या वर्षांना आपोआप चालू राहते. तुम्ही ती एकदा रद्द केलीत तर दोघांपैकी कोणालाही ती परत करता येत नाही. तुमच्या बाबतीत ती पुढे फार उपयोगाची ठरेल असं नाही, कारण २०२६ पासून ती दिवसांनीच रेसिडेंट होतेय, पण जानेवारी २०२६ चा तिचा पुण्यातला शेवटचा पगार या निवडीमुळे पुढच्या रिटर्नमध्ये येईल, तो विसरू नका. तिकडेही तिला भारताचं रिटर्न भरायचंच आहे. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात तिचे भारतातले दिवस १८२ च्या पुढे आहेत, ती तिथे रहिवासीच धरली जाईल.

मला विचाराल तर वर दिलेल्या आकड्यांवर, म्हणजे जमीन विकलेली नाही, फंड विकलेले नाहीत, व्याज किरकोळ आहे असं असेल तर जॉइंट भरा, फॉर्म २५५५ सह. पण तिची भारतातली माहिती १५ एप्रिलपर्यंत गोळा होत नसेल तर घाईत अर्धवट जॉइंट भरू नका. मुदत वाढवून घ्या, किंवा आत्ता स्वतंत्र रिटर्न भरून टाका. स्वतंत्र भरलेलं तीन वर्षांत दुरुस्ती रिटर्न भरून जॉइंट करता येतं, निवेदन आणि डब्ल्यू-७ तेव्हाही जोडता येतात. उलटं होत नाही: जॉइंट भरलं आणि १५ एप्रिल उलटला की ते मोडून स्वतंत्र करता येत नाही.

अपॉइंटमेंटला येताना दोघंही या, तिचे दोन्ही फॉर्म १६, जानेवारी ते मार्च २०२५ ची पगारपत्रकं, सगळ्या बँकांची व्याजाची प्रमाणपत्रं, फंडांचं एकत्रित स्टेटमेंट आणि तिचा पासपोर्ट घेऊन. आणि येण्याआधी बाबांना फोन करून ठेवींवर कोणाकोणाची नावं आहेत ते विचारून ठेवा.